बारा वर्षांची उपकारस्तुती

सूर्यभान मास्तरांनी आयुष्यात वहीतलं एक अक्षर गाळलं नाही, आणि जे गाळायला हवं होतं तेही गाळलं नाही. दर रविवारी चर्चमधली उपासना संपत आली की मंडळीचे सेक्रेटरी म्हणून ते उभे राहायचे आणि वहीतून त्या आठवड्यातले वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस वाचायचे. ज्यांचं नाव येईल त्यांनी पुढं जायचं, दोन शब्दांत देवाचे उपकार मानायचे, मग पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. नगर-जामखेड रस्त्यावरच्या त्या गावात ही रीत आजा-पणज्यापासूनची.

“यशया आणि दीना पारधे,” मास्तरांनी वाचलं. “लग्नाला एकोणीस वर्षं.” आणि मग त्यांना खोकला आला.

बायकांच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत, दीना सासूशेजारी बसली होती. यशयाला जाऊन अकरा महिने झाले होते. पुण्याकडच्या कंपनीत कामाला म्हणून गेला आणि तिकडंच एकीबरोबर संसार मांडून बसला. फोनवर एवढंच म्हणाला, “माझी वाट बघू नको.” तरी अंगणवाडीत, दुकानात, चर्चच्या दारात कुणी विचारलं की दीना सांगायची, कामाचा लई ताण हाय, सुट्टी मिळत न्हाई. गाव मान डोलवायचं. गाव कुठं दूधखुळं असतं? सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त दीनाला वाटत होतं की झाकलंय.

हे झाकायला लावलं होतं सासूनं, रंगुबाईनं. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” ती म्हणायची. “माझ्या लेकाची अब्रू चव्हाट्यावर आनलीस, तर त्याच दिवशी पिशवी भरून मी त्याच्याकडं निघून जाईन.” दीनाला मूलबाळ नव्हतं, आईबाप केव्हाच गेले होते. सकाळी चहाला दोन कपांचं आधण ठेवावं लागतं, एवढंच तिच्या संसारात उरलं होतं. म्हातारी तोंडाळ होती, भाजीतल्या मिठावरून घालूनपाडून बोलायची, पण घरात कुणीतरी बोलतं होतं. ती गेली तर आपण चार भिंतींत वेड्या होऊ, ही भीती दीनाला रात्रंदिवस खायची.

“जा,” रंगुबाई आता कुजबुजली. “कामावर हाय म्हन, आन ये माघारी.”

दीना पुढं गेली. पाळकांनी हळूच विचारलं, “यशया न्हाई आला?” रोजचं उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं. पण उपकार मानायला उभं राहायचं आणि लबाडी करायची, हे तिच्या जिभेवर येईना. तिला संताप आला. यशयाचा, मास्तरांचा, माना खाली घालून बसलेल्या सगळ्यांचा.

“आमची एकोणीस झाली न्हाईत,” ती म्हणाली. “अठराच झाली. ते मला सोडून गेलेत. मी तुमच्याशी खोटं बोलत हुते.” तिनं पदर मुठीत धरला. “त्या अठरातली बारा चांगली हुती. बाकीची न्हवती. त्या बारांसाठी मी देवाचे उपकार मानते.”

पाळकांचा हात डोक्यावर आला, पण ते काय प्रार्थना करत होते ते तिला ऐकूच आलं नाही. डोळे उघडले तेव्हा तिसऱ्या ओळीतली म्हातारीची जागा रिकामी होती.

दीना घरापर्यंत जवळजवळ पळत आली. खरं बोलून काय मिळवलंस, असं मन सारखं विचारत होतं. रंगुबाई ओट्यावर बसली होती, शेजारी भरलेली पिशवी.

“बाराच का?” दीनाकडं न बघताच म्हातारीनं विचारलं. “तेरावं बी बरं हुतं. माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं तवा त्यो रोज यष्टीनं नगरला डबा घिऊन यायचा. तुझ्याच हातचा.”

दीनाला ते वर्ष आठवलं. म्हातारी म्हणत होती ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला रडू आलं.

“तेरा धरते,” ती म्हणाली. मग पिशवीकडं बघून तिला राहवलं नाही. अकरा महिन्यांत जे एकदाही मागितलं नव्हतं ते तिनं मागितलं. “आत्या, जाऊ नका. तुमच्या कटकटीसकट मला तुमी पायजे.”

रंगुबाई पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“जाऊ कुठं?” शेवटी ती म्हणाली. “अकरा म्हैने झाले, फोन वाजला की वाटायचं, आता म्हनंल, आई, ये. एकदा बी म्हनला न्हाई. तुला सोडून गेला म्हनतीस. मला काय संगं घिऊन गेला व्हय?”