धाकू तांडेलाचं बूच

धाकू मयेकर रत्नागिरीच्या खाडीपलीकडल्या भाट्ये गावचा तांडेल, मच्छीमारांचा म्होरक्या. गावची रापण, सगळ्यांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं, त्याच्या शब्दावर समुद्रात पडायची आणि त्याच्याच शब्दावर किनाऱ्याला ओढली जायची. तरुणपणी आगबोटीवर खलाशी असताना त्याने परमुलखातल्या एका बंदरात मच्छीमारांची जाळी पाहिली होती. जाळ्याच्या वरच्या दोराला बुचाच्या सालीचे बोये बांधलेले. दिवसभर पाण्यात असूनही ते पिसासारखे तरंगत होते. आपल्याकडचे लाकडाचे बोये हंगाम निम्मा होईतो पाणी पिऊन जड होतात, दोर खाली बसतो आणि मासळी वरून निघून जाते. ते दृश्य धाकू विसरला नव्हता.

सन बत्तीसच्या उन्हाळ्यात त्याला कळलं, की पणजीच्या एका व्यापाऱ्याकडे पोर्तुगालहून ही साल येते. रापणीतल्या घराघरांनी वर्गणी काढली आणि वैशाखात, दर्या बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या मचव्यातून माल रत्नागिरीच्या बंदराला लागला. गोवा फिरंग्यांचा, म्हणजे माल परदेशचा. जकात कचेरीत नोंद करणं आलंच.

"माल काय?" भिकाजी कारकुनाने विचारलं.

"बूच," धाकू म्हणाला. दुसरा शब्द त्याच्याकडे नव्हता. मराठीत सालीलाही बूच म्हणतात आणि बाटलीच्या तोंडाला बसवतात त्यालाही बूचच.

भिकाजीने ते इंग्रजीत लिहिलं, बाटलीची बुचं. कच्च्या सालीला जकात थोडी होती, तयार बुचांना जबर. नवे साहेब पुण्याकडून बदलून आलेले. त्यांनी कागद वाचला, मग बाहेर येऊन माल पाहिला. पुरुषभर लांबीचे, खडबडीत, वाकलेले सालीचे तुकडे. काहींवर अजून शेवाळ होतं.

"नोंद बुचांची आणि माल सालीचा? म्हणजे करायची बुचंच, फक्त जकात कमी बसावी म्हणून साल आणलीत," साहेब म्हणाले. त्यांनी बुचांची जकात लावली आणि शेरा मारला, तांडेलाने खोटी माहिती दिली.

धाकू घरी आला तो जेवला नाही. त्याची बायको दमयंती जाळ्याची गाठ मारत बसली होती. तिने विचारलं तेव्हा म्हणाला, "जकातीचं सोड. माज्या नावावर खोटं लिवलान."

दुसऱ्या दिवशी तरीच्या होडीतून खाडी ओलांडून दमयंती स्वतः कचेरीत गेली. धाकू मागे होता.

"सायेब, ही झाडाची साल हाय. तुमी डोळ्यांनी बगितलाव."

साहेबांनी शिपायाला सालीचा एक तुकडा आणायला लावला. खिशातला चाकू काढून त्यांनी त्याचा गोल गट्टू कापला आणि टेबलावरच्या औषधाच्या बाटलीत घट्ट बसवला.

"बसलं की नाही? याची बुचं होतात, म्हणून हा माल बुचांचा."

"मंग आंब्याच्या लाकडाची होडी व्हते, म्हणून आमच्या परसातली आंब्याची झाडं उद्या होड्या म्हणून लिवाल!"

शिपाई हसला आणि लगेच गप्प झाला. साहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, कायदा मला शिकवू नका. जकात भरा आणि माल न्या. नाहीतर गोदामात राहू दे."

गावात बैठक बसली. बरेचजण म्हणाले, भरून टाकू, पावसाळ्यानंतरच्या हंगामाला बोये हवेत. दमयंती उठून उभी राहिली. बायका अशा बैठकीत बोलत नसत.

"भरलात तर आपणच कबूल केलं, की तांडेल खोटं बोलला. ज्याच्या हाकेवर तुमी जाळं सोडता, तो खोटारडा. चालंल?"

जकात भरायचं रद्द झालं. सखारामपंत वकिलांकडून मुंबईला अर्ज गेला.

पावसाळाभर साल जकातीच्या गोदामात पडून राहिली. नारळी पुनव झाली, रापण पुन्हा जुन्या बोयांवरच पडू लागली. भाद्रपदात एका सकाळी पाणी काळं पडलं. बांगड्यांचा एवढा मोठा थवा किनाऱ्याच्या इतक्या जवळ कुणी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. होडीने फेर धरला, दोन्ही बाजूंनी सगळा गाव दोराला लागला. म्हातारे, बायका, पोरं. धाकू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडत होता.

जाळं निम्मं आत आलं आणि मधला दोर बसला. बोये आधी डुचमळले, मग दिसेनासे झाले. त्या खळग्यावरून बांगडा चांदीसारखा उसळत बाहेर पडला. माणसं ओढत राहिली, कारण थांबायचं कसं तेच कुणाला सुचेना. किनाऱ्याला आलं तेव्हा जाळ्यात टोपलीभर मासळी आणि शेवाळ होतं.

धाकू पाण्यातच उभा होता. दमयंतीने दोर टाकला आणि पलीकडच्या बंदराकडे हात करून ती मोठ्याने म्हणाली, "आपली साल तितं कुजतेय आणि मासळी हितनं जातेय!"

कार्तिकात मुंबईचा हुकूम आला. वकिलांनी वाचून दाखवला. माल कच्च्या सालीचा आहे, त्याप्रमाणे जकात घ्यावी. धाकूने हात जोडले. तो आणि दमयंती तसेच कचेरीत गेले.

गोदाम रिकामं होतं.

"मुदतीत माल उचलला नाही. लिलाव झाला," साहेब म्हणाले. "मुंबईच्या व्यापाऱ्याने घेतला."

"अर्ज चालू असताना?" दमयंतीचा आवाज चढला. "आमाला कुणी सांगितलं?"

"दारावर नोटीस होती."

"इंग्रजीत?"

साहेबांनी भिकाजीकडे पाहिलं. भिकाजीने मान खाली घातली. नोटीस त्यानेच लिहिली होती, आणि तो रोज तरीवर भाट्याच्या माणसांना भेटत होता.

"पण हुकूम आमच्या बाजूचा हाय न्हवं?"

"हुकूम मालाचा प्रकार सांगतो. माल कुठे आहे ते सांगत नाही. लिलावाचे पैसे जकात वजा जाता अर्ज करून मिळतील."

"पैसं ऱ्हाऊ द्यात." ती टेबलाच्या अगदी जवळ आली. "माज्या घरच्या मानसाला तुमी खोटा ठरवलाव. आता तुमच्याच वरच्या सायबांनी सांगितलं, साल ती सालच. तेवढं तोंडानं बोला. तांडेल खोटं बोलला नव्हता, येवढंच."

धाकू साहेबांकडे पाहत होता. एवढं झाल्यावरही त्याच्या तोंडावर आशा होती, आणि ती पाहून दमयंतीचा संताप आणखीच वाढला.

"तशी पद्धत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरा कागद ओढला.

पुढल्या उन्हाळ्यात लिलावाच्या पैशांत घरोघरची थोडी भर घालून गावाने पुन्हा साल मागवली. या खेपेला भिकाजीने "झाडाची कच्ची साल" असं स्वच्छ लिहिलं आणि माल त्याच दिवशी सुटला. नवे बोये उत्तम तरंगले. धाकू म्हणायचा, झालं ते झालं. दमयंती तेवढ्यात हातातली जाळ्याची गाठ करकचून आवळायची.

वर्षभराने साहेबांची बदली झाली. बंदरावरच्या व्यापाऱ्यांनी निरोपाची मेजवानी ठरवली. भिकाजी रापण ओढून झाल्यावर भाट्याच्या वाळूत आला.

"वहिनी, चांगल्या सुरमया द्या दोन. साहेबांच्या ताटाला हव्यात."

धाकूचा हात टोपलीकडे गेला. दमयंतीने टोपली पायाने मागे सरकवली.

"अर्ज करा," ती म्हणाली.

भिकाजी हसायला लागला, पण ती हसत नव्हती. त्याने धाकूकडे पाहिलं. धाकूने क्षणभर सुरमयांकडे पाहिलं, मग हात कमरेच्या फडक्याला पुसला आणि जाळं वाळत घालायला माणसांना हाक मारली.