भोपळ्यावरचा त्रिशूळ

भर झडीत, अंगावर पोत्याच्या खोळी घेऊन, दीडशे माणसं एका दुधी भोपळ्याच्या पाया पडत होती. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हातारे चिखलात गुडघे टेकत होते. बाया ओल्या पदराच्या गाठीतून हळदकुंकू काढत होत्या. बांधालगतच्या मांडवाला तो हातभर लांब भोपळा लटकत होता आणि त्याच्यावर त्रिशूळ उमटला होता, खाली 'आई' अशी अक्षरं. रंगवलेली नव्हती ती. सालीतूनच वर आलेली, पांढुरकी, बोटाला लागतील अशी.

"रंग असता तर पावसानं धुऊन गेला असता," वायुगिरी महाराज छत्रीखालून म्हणाले. "ही शाई वरची आहे, बाळांनो. हा पाऊस नव्हे, आईचा कोप आहे. वाऱ्यावर बसून ती या मळ्यात उतरली आहे. सात दिवस मळ्यात पाऊल टाकायचं नाही. मातीला लोखंड लावायचं नाही, वेलाला हात लावायचा नाही. आठव्या दिवशी मी वारा बांधून देतो, आणि दुसरा भोपळा साक्ष देईल."

छत्री चेअरमन बबनरावांच्या गड्यानं धरली होती. वारा बांधायला निघालेल्या महाराजांची छत्री तेवढ्यात दोनदा उलटी झाली, पण ते पाहायला कोणाची मान वर नव्हती. मला तेव्हाच ते सोंग वाटलं. तरी मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

दुष्काळ सरून दुसरं वर्ष होतं. आमच्याच माणसांनी दुष्काळी कामावर खडी फोडून, माती वाहून चकलांब्याच्या अलीकडे पाझर तलाव बांधला होता. तलावाखालची दोन एकर जमीन अकरा बायकांच्या भाजीपाला सहकारी संस्थेला कसायला मिळाली. प्रत्येकीचे वाफे वेगळे, मांडव सगळ्यांचा. मी, रामहरी, संस्थेचा सचिव. बायकांच्या संस्थेला पुरुष चेअरमन कसा, असं कोणी विचारलं नाही. तेव्हा ते असंच चालायचं. हेच बबनराव ऊसतोडीच्या टोळीचे मुकादमही होते. दसरा झाला की निम्मं गाव त्यांच्या ट्रकात बसून कारखान्याकडं जायचं. त्या वर्षी मात्र अकराही जणी म्हणाल्या होत्या की भाजी हाती लागली तर आम्ही उसाच्या फडावर जाणार नाही.

त्यांत सगळ्यात पुढं चतुराबाई. तिची छबू पाचवीत होती. मागचे दोन हिवाळे पोरगी फडावर भावाला सांभाळत बसली आणि दोन्ही वेळा शाळेतून नाव कमी झालं. या खेपेला मळा टिकला तर छबू शाळेत, बुडाला तर फडावर, इतकं ते सरळ होतं.

आणि मळा बुडत होता. वाऱ्यानं टोमॅटोचे आधार आडवे केले होते, सऱ्या तुडुंब भरल्या होत्या. टोमॅटोच्या आणि मिरचीच्या मुळाशी चार दिवस पाणी थांबलं की झाड गुदमरून मरतं, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. कोपऱ्यात एक चर फोडला असता तर पाणी ओढ्याला लागलं असतं. पण देवीनं लोखंड बंद केलं होतं.

मी बबनरावांच्या घरी गेलो. महाराज ओसरीत पुरणपोळीवर तूप ओतून घेत होते. पंधरा दिवसांपासून त्यांचा मुक्काम तिथंच होता. रोज पहाटे एकटेच मळ्याला प्रदक्षिणा घालायचे आणि त्या वेळी कोणी फिरकायचं नाही, असा दंडक होता.

"चेअरमनसाहेब, चर तरी काढू द्या," मी म्हणालो.

"तुमी कावून मधी पडता, रामहरी? सातच तर दिवस हायेत. देवीचं काम हाय, आपलं न्हाई."

महाराज घास चावत हसले. तुपाचा ओघळ त्यांच्या मनगटापर्यंत आला होता. माझी नेमणूक बबनरावांच्या सहीनं झालेली. मी नमस्कार करून घरी आलो.

तिसऱ्या दिवशी चतुराबाई मला बांधावर दिसली, पोतं पांघरून बसलेली.

"झाडं माना टाकायलीत, रामहरी भाऊ."

"मग उतरा की आत. फोडा चर."

"दहा जणी खाऊन टाकतील मला. उद्या कुणाचं लेकरू तापलं तर माझंच नाव घेतील."

ती डबक्याच्या पाण्यानं हातावरचा चिखल धुवत होती. मनगटापासून वर तिच्या भावाचं नाव गोंदलेलं होतं, रामकिसन. अक्षरं ताणून पसरट झाली होती.

"छबूपेक्षा बारकी होते तवा गोंदलं, बाजारात," ती आपली बोलायचं म्हणून बोलत होती. "ज्वारीच्या दाण्याएवढाली अक्षरं हुती. हात वाढला तशी ती बी वाढली." मग ती थांबली. हाताकडं पाहिलं, मांडवाकडं पाहिलं. "भाऊ, भोपळा तर हातापेक्षा लई लवकर वाढतो."

मॅट्रिक झालेल्या माझ्या डोक्यात जे तीन दिवसांत आलं नव्हतं, ते त्या शाळा न पाहिलेल्या बाईनं चिखल धुता धुता सांगितलं. कोवळ्या भोपळ्यावर काट्यानं रेघ ओढली की जखम भरते, तिथं खपली धरते आणि फळ वाढेल तशी ती खपली वाढते. आता हे इतक्या जणांच्या मळ्यात कोणालाच दिसलं कसं नाही? तर आमच्याकडं कोवळ्या फळाकडं बोट दाखवायचं नसतं. बोट दाखवलं की ते सडतं म्हणे. बाया तर कोवळ्या भोपळ्याकडं नीट बघतही नाहीत, पान सारून पुढं होतात. महाराजांना आमची शेती माहीत नव्हती, पण आमची ही खोड पक्की माहीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरती चालू असताना चतुराबाई खुरपं घेऊन मळ्यात उतरली. टाळ थांबले.

"चतुरे, माघारी फिर," सगळ्यांत वडीलधाऱ्या सुभद्राबाई ओरडल्या. "तुझ्यापायी आमचं बी जाईल."

ती मांडवाखाली गेली. एकेक पान उचलत गेली आणि सरळ बोट दाखवून म्हणाली, "ह्यो बघा. ह्यो. आन् ह्यो."

मुठीएवढे तीन कोवळे भोपळे होते. तिन्हींवर काट्यानं ओढलेला बारीक त्रिशूळ, खाली एवढंसं 'आई'. रेघांतून पाझरलेला चीक अजून वाळायचा होता.

"देवीला बाभळीचा काटा कशाला लागतो, महाराज?"

"पापिणी, ते आईचं बाळरूप आहे," महाराजांचा आवाज चढला. "बोट दाखवलंस. आता सगळं सडेल."

"मग आणखी एक बाळरूप काढू." तिनं कुंपणाचा काटा मोडला आणि माझ्यापुढं धरला. "भाऊ, तुमाला लिवता येतं. ह्या चौथ्या कोऱ्या फळावर चेअरमनचं नाव काढा."

बबनराव माझ्याकडं बघत होते. तरी मी कोवळ्या सालीवर 'बबनराव' लिहिलं. सचिवपदाच्या एकूण सात वर्षांत तेवढंच एक लिखाण मी स्वतःच्या मनानं केलं.

"आठ दिवसांनी बघा," चतुराबाई म्हणाली. "ह्यो सडला तर मी आपल्या पायानं ट्रकात चढते."

मग तिनं खुरपं मातीला लावलं. कोपरा फुटला आणि तिच्या वाफ्यातलं गढूळ पाणी ओढ्याकडं धावलं. तिच्यामागं तीन जणी उतरल्या. त्यांनी चर काढले, पडलेल्या झाडांना मातीची भर दिली, सुतळीनं बांधली, वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांची ताटी उभी केली. उरलेल्या सात जणी बांधावर हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांचे सात दिवस भरायचे होते.

पाचव्या दिवशी वारा आपोआप पडला. सहाव्या दिवशी महाराज तीर्थाला निघून गेले, तुपाचा डबा सोबत घेऊन. चतुराबाईच्या आठ दिवसांच्या मुदतीला आम्ही मांडवाखाली जमलो. अंगठ्याएवढ्या ठसठशीत अक्षरांत भोपळ्यावर 'बबनराव' उमटलं होतं. कुठं डाग नव्हता. आधीच्या तिघांतला एक गळून पडला होता. झडीत मधमाश्या फुलांवर फिरत नाहीत, तेव्हा काही फळं अशी गळतातच. तेवढा एक दाखवून लोक मला म्हणाले, बघा सडला. माझा धरून टिकलेले तीन त्यांना दिसत नव्हते. आणि सुभद्राबाईंनी पुढं होऊन 'बबनराव' या अक्षरांवर कुंकू वाहिलं. "चेअरमन बी देवमाणूसच म्हणायचे," त्या म्हणाल्या.

चतुराबाईनं भोपळा तोडला, घरी नेला, विळीवर चिरला आणि त्याची भाजी केली. मी दोनदा वाढून घेतली.

दसरा झाला. ट्रक आला. चौघींचे टोमॅटो तेव्हा लाल व्हायला लागले होते. सात जणींच्या वाफ्यांत काळ्या काड्या उभ्या होत्या, म्हणून त्या सात जणी ट्रकात चढल्या. रुक्मिणीबाईच्या मांडीवर तिची सरस्वती होती, छबूच्याच वर्गातली, पाटी छातीशी धरलेली.

"देवीची मर्जी, भाऊ," रुक्मिणीबाई म्हणाली.

ती मर्जी देवीची नव्हती. टोळी भरायची होती मुकादमाला, आणि त्यासाठी एक काटा आणि आमचं भय पुरेसं झालं. ज्या दिवशी मी ओसरीवरून नमस्कार करून परतलो, त्या दिवशी मीही त्याला हातभार लावला. म्हणून हात जोडून नव्हे, बोट दाखवून सांगतो. जिथं पाहू नका म्हणतील तिथं पान उचलून पाहा. जे विचारू नका म्हणतील ते विचारा. देव खरा असेल तर तुमच्या बोटानं सडणार नाही.

त्या वर्षी पाचवीच्या वर्गात छबूच्या शेजारची जागा उन्हाळ्यापर्यंत रिकामी होती.