टाळ्यांची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मुठीत मावणारी, शिसवी दांड्याची, मुलींच्या कॉलेजातल्या विद्यार्थिनी मंडळाची. मित्रांनो, एवढी ओळख सांगितली की ऐकणारे लगेच गहिवरतात आणि "किती मुलींना घडवलंस गं तू!" असं काहीतरी गोड बोलतात. कृपा करून बोलू नका. मी कुणाला घडवलेलं नाही. आणि ज्यांना घडताना पाहिलं, त्यांतल्या बहुतेकींविषयी माझं मत फारसं बरं नाही.

मला ओतलं एका म्हाताऱ्या कारागिराने. साचा फोडून त्याने मला बाहेर काढलं, टिचकी मारली, कान लावला आणि बायकोला म्हणाला, "आवाज बघ कसा खणखणीत आहे! सासर चांगलं मिळालं पाहिजे."

"माहेरी असेपर्यंत सगळ्याच खणखणीत असतात," बायको म्हणाली.

सासर म्हणून कॉलेज मिळालं. सुरुवातीची वर्षं बरी गेली. शिपाई मावशी व्हरांड्याच्या टोकाला उभ्या राहून मला हलवायच्या आणि तास सुटायचा. माझ्या आवाजाला काही अर्थ होता. मग भिंतीवर विजेची घंटा आली. कर्कश आणि बिनडोक, पण तिला हलवायला मावशी लागत नव्हत्या. मला फडताळात टाकलं. खडूच्या चुऱ्यात पडून पडून मी पांढरी झाले. तिथून मला उचललं ते मंडळाने, चिंच लावून घासलं आणि टेबलावर मानाने ठेवलं. तेव्हा मी हरखून गेले होते. मूर्ख होते.

मुलींनी आपला कारभार आपण करावा म्हणून हे मंडळ होतं. कारभार! अध्यक्षांचा बिल्ला गोल असावा की चौकोनी, स्वागताला उभ्या राहणाऱ्या मुलींनी एकाच रंगाचे कपडे घालावेत की नाही, जिन्यावर कुणाचा फोटो लावावा, यावर तासन् तास खल चाले. एकदा तर आभार मानल्याबद्दल पाहुण्यांचे आभार मानण्याचा ठराव झाला. मी टेबलावर होते म्हणून खरं मानावं लागलं.

या मंडळाची एक खास रीत होती. ठरावावर हात वर करून मत घ्यायचं नाही, टाळ्यांनी मंजूर करायचा. अध्यक्षा बोलायच्या थांबल्या की सचिव मला वाजवणार, मी वाजले की सभागृह टाळ्या वाजवणार आणि टाळ्या पडल्या की ठराव मंजूर. फार पूर्वी कुठल्याशा सभेत हात मोजता मोजता पाहुण्यांचा चहा निवला होता, तेव्हापासून ही सोय. सोय फारच छान! मुली मागच्या रांगांत वेण्या घालत, कानगोष्टी करत, काही तर चक्क डुलक्या काढत. कान फक्त माझ्याकडे. मी वाजले की टाळी. काय वाजलं, कशासाठी वाजलं, कुणाला पडलेली नाही. वर यालाच सगळे नेतृत्वगुण म्हणत.

त्या वर्षी जी अध्यक्षा होती तिला सगळ्या ताई म्हणत. तिच्या वर्गातल्या मुलीसुद्धा. तिला ते आवडायचं. आरशात बघून ती बिल्ला सरळ करायची आणि सरळ असला तरी पुन्हा करायची. तिची सचिव म्हणजे बारकी. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. मला वाजवणं हे तिचं काम. पुढच्या वर्षीचं अध्यक्षपद ताईने तिला जवळजवळ देऊन टाकलं होतं, म्हणून ती ताईची पर्ससुद्धा उचलायची. मी तिच्याच हातात असायचे, त्यामुळे तिचा तळवा कधी घामेजतो ते मला चांगलं ठाऊक.

एका दुपारी मंडळाच्या खोलीत एक मुलगी आली. तिची आई कपडे शिवायची आणि हिच्या कपड्यांना कुठे ना कुठे धागा चिकटलेला असायचा, म्हणून कॉलेजात हिचं नाव पडलं होतं दोरा. बारकीच्या शेजारच्याच बाकावर बसणारी.

"ताई, वाचनकक्ष आठऐवजी पाचला बंद होणार म्हणतात. ते नका करू," ती म्हणाली.

"बंद कुठे होतोय? पाचनंतर तिथे मंडळाचं कार्यालय होणार आहे. पाहुणे आले तर त्यांना बसवायचं कुठे, जिन्यावर?"

"ही खोली आहे की."

"इथे सोफा मावत नाही गं."

दोराने खोलीभर नजर फिरवली. "आमच्या घरी एकच खोली आहे. संध्याकाळी आईचं मशीन चालू असतं, धाकटी भावंडं असतात. आईला थांब म्हणता येत नाही, ते मशीन थांबलं तर आम्ही सगळेच थांबू. परीक्षा तोंडावर आलीय. मला संध्याकाळी बसायला दुसरी जागाच नाही. आणि माझ्यासारख्या अजून आहेत."

"कापसाचे बोळे घाल कानात," ताई म्हणाली आणि आपल्याच विनोदावर हसली. बारकीही हसली. पण तिचा तळवा ओला झाला.

मग आली वार्षिक सभा. मंचावर एका बाजूला प्राचार्या, ज्यांना सगळ्या मोठ्या मॅडम म्हणत. मधे ताई, तिच्या उजव्या हाताला बारकी आणि बारकीच्या मुठीत मी. समोर सगळं कॉलेज, नेहमीप्रमाणे वेण्या घालत बसलेलं.

कार्यालयाचा ठराव मांडण्याआधी ताईला जरा रंगत आणायची लहर आली. "मैत्रिणींनो, आधी एक गंमत ऐका. आपल्याकडे एक महान मागणी आलेली आहे," असं म्हणून तिने मान वाकडी केली आणि दोराचा आवाज काढला. "वाचनकक्ष रात्री आठपर्यंत उघडा ठेवा हो! घरात आईचं मशीन खडखडतं हो!"

आणि हशा पिकायची वाट बघत ती थांबली.

ती थांबली. बारकीच्या हाताला इतक्या सभांची सवय. ताई थांबली की वाजवायचं, एवढंच त्या हाताला माहीत. त्याने मला वाजवलं. पुढे पुष्कळजणी म्हणाल्या की बारकीने मुद्दाम केलं. मी त्या मुठीत होते, मी सांगते, अजिबात नाही. नुसती सवय. आणि मी वाजताच अख्ख्या सभागृहाने, वेण्या अर्ध्यावर सोडून, कडाडून टाळ्या वाजवल्या.

ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अगं थांबा! ही गंमत होती!"

मागून कुणीतरी ओरडलं, "टाळ्या पडल्या! मंजूर!"

"मंजूर कसलं? काय म्हटलं ते कुणी ऐकलं तरी का? हे खरं धरायचं नाही!"

तेव्हा दोरा उभी राहिली. "मग याआधीचे सगळे ठराव कसे खरे धरले, ताई?"

मोठ्या मॅडमनी चष्मा काढून पुसला. "टाळ्या पडल्या की मंजूर, हा नियम तुमच्याच मंडळाचा आहे," त्या ताईला म्हणाल्या. "आता ना कशी म्हणणार?"

दोराच्या शेजारणीने तिचा हात ओढला. "बस ना खाली! मिळालं ना तुला!"

पण दोरा बसली नाही. मला वाटलं, हिला वेड लागलं. "मॅडम, ताई म्हणतात ते बरोबर आहे. कुणी ऐकलं नाही. मला अशी मंजुरी नको. उद्या दुसरी घंटा वाजेल आणि खोली परत जाईल. पुन्हा विचारा. हात वर करायला सांगा."

"अगं, हात वर झाले नाहीत तर?" शेजारीण रडकुंडीला आली.

"तर नाही झाले."

मोठ्या मॅडमनी मान हलवली. ताईला विचारावंच लागलं. वाचनकक्ष आठपर्यंत उघडा राहावा असं कुणाकुणाला वाटतं?

मित्रांनो, त्या क्षणी समोरचं दृश्य बघून मला जी किळस आली ती अजून गेलेली नाही. एकही हात वर नाही. सगळ्यांच्या माना मात्र फिरताहेत. ही तिच्याकडे बघतेय, ती हिच्याकडे. आत्ताच ज्यांनी तळवे लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या, त्यांना एक हात उचलवेना, कारण माझा इशारा नव्हता. त्यांना शिकून मोठं व्हायचं होतं म्हणे! दोरा एकटीच हात उंचावून उभी होती. तिच्या बाहीला निळा धागा लोंबत होता.

बारकीची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली की माझा लोलकसुद्धा हलेना. मग तिने मला टेबलावर ठेवलं. आवाज न करता, हलकेच. आणि तोच मोकळा हात वर केला.

"तू वाजवायला आहेस इथे, मत द्यायला नाही," ताई दातांतून म्हणाली. "पुढच्या वर्षीचं लक्षात आहे ना?"

"मीपण इथे शिकतेच ना, ताई?" बारकी म्हणाली. आवाज बारीकच होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

मग दोराच्या शेजारणीचा हात वर आला, जरा घाबरत. मग खिडकीजवळची, मग तिच्या मागची. काही हात कोपरापर्यंत येऊन अडकले, काही पुन्हा खाली गेले, कितीतरी वर झालेच नाहीत. ताईला मोजता येईना, तिने कधी मोजलेच नव्हते. शेवटी मोठ्या मॅडम मंचावरून उतरल्या आणि रांगेरांगेतून मोजत गेल्या. निम्म्याहून थोडे जास्त भरले. वाचनकक्ष राहिला. सोफा आला नाही.

बारकी अध्यक्षा झाली नाही. ताईने तसं होऊ दिलं नाही. पण मंडळाची रीत त्या सभेनंतर मोडली, ती कायमची. आता हात मोजतात, वेळ लागतो, चहा निवतो. मी मंडळाच्या कपाटात जुन्या बिल्ल्यांच्या डब्याशेजारी पडून आहे, आणि माझ्यावर हिरवट थर चढला आहे.

परवा एका नव्या मुलीने कपाट उघडलं. "अय्या, किती गोड आहे ही! घासून टेबलावर ठेवू या?" तिने पदराने, म्हणजे टी-शर्टच्या टोकाने, माझी कड पुसायलाही घेतली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू अशा वेळी विनवतात की आम्हाला विसरू नका, आम्हाला जपा. मी उलट विनवते. मला घासू नका. माझा आवाज अजून खणखणीत आहे आणि तुमचे तळवे अजून तयार आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे. जपायचंच असेल तर त्या पोरीला जपा, जी मिळालेलं हातचं सोडून म्हणते, पुन्हा विचारा. तशी मुलगी पुन्हा पुन्हा मिळत नाही. घंटा काय, बाजारात ढिगाने मिळतात.

कपाट लावून घ्या. हळू लावा, पलीकडे मुली वाचत बसल्यात.