रंगाचा पुरावा

मागच्या जूनमध्ये मॉडेल विमानांच्या स्पर्धेत झेनोनच्या विमानाला रंगासाठी शून्य गुण मिळाले. परीक्षक तीन आणि तिघांचाही शून्यच. बाकी सगळीकडे नऊ, साडेनऊ. पंखांमधल्या तारा, कापडाखालून उमटणाऱ्या लाकडी फासळ्या, नाकावरचा झिजलेला पंखा, सगळं फोटोशी ताडून पाहिलं तरी केसाइतका फरक निघाला नाही. पण फोटो होता काळा-पांढरा, एकाहत्तर सालचा.

"रंग सुंदरच आहे हो," मुख्य परीक्षक ग्झेलाक नंतर त्याला म्हणाले, "पण तो तुमच्या डोक्यातला. डोक्यातल्याला आम्ही गुण कसे द्यायचे?"

झेनोन पोझनानच्या ट्राम कारखान्यातला निवृत्त वीजतंत्री. ते मॉडेल बनवायला त्याला चार वर्षं लागली होती. विसाव्या वर्षी क्लबच्या ज्या जुन्या, वर-खाली दोन पंखांच्या विमानावर तो उडायला शिकला, त्याचंच ते मॉडेल. विमान ताज्या लोण्याच्या रंगाचं होतं, हे तो कुणालाही शपथेवर सांगायला तयार होता. पण खरं विमान केव्हाच मोडीत निघालं होतं. त्याचा रंग नक्की सांगू शकेल असं एकच माणूस होतं: लुत्सीना. क्लबच्या शेडमध्ये पंखांचं कापड तीच शिवायची, तीच रंगवायची. रंग कधी धड मिळायचा नाही, मग हाताला लागेल ते ती डब्यात कालवायची. बहात्तरच्या शरदात ती आईबरोबर मावशीकडे स्वीडनला गेली ती परत आली नाही.

झेनोनने तिचं नाव काढलं नाही. काढलं ते त्याच्या बायकोने, इरेनाने.

"लिही ना तिला."

"कुणाला?"

"कुणाला म्हणे! चार वर्षं माझ्या टेबलावर तिचं विमान पसरलंय. ते बाजूला सारून मी बटाटे सोलतेय. चाळीस वर्षं संसार केला तुझ्याबरोबर, मला एवढंही कळू नये?"

"तसं काही नव्हतं गं आमच्यात."

"नव्हतं म्हणूनच तर! असतं तर केव्हाच विसरला असतास."

क्लबच्या जुन्या चिटणिसाकडून पत्ता मिळाला. झेनोनने पत्रात फक्त रंगाचं विचारलं, दुसरं काही नाही. फेब्रुवारीत स्वीडनमधल्या माल्मोहून जाड पाकीट आलं. आत तळहाताएवढा कापडाचा तुकडा होता, मधोमध फाटलेला, आणि सोबत चार ओळी.

"हे भोक तुझ्या टाचेचं. पहिल्याच दिवशी पंखावर नको तिथे पाय देऊन आरपार घातला होतास. तुला शिव्या देत मी ठिगळ लावलं आणि फाटका तुकडा कापून ठेवला. इतकी वर्षं बंद डब्यात होता, ऊन लागलेलं नाही, तेव्हा रंग हाच. लुत्सीना."

तुकडा का ठेवला, ते लिहिलेलं नव्हतं. झेनोनने पत्र उलटून मागची बाजूही पाहिली.

मग त्याने तो तुकडा मॉडेलच्या पंखावर ठेवला, आणि त्याचा चेहरा उतरला. लोणी कुठलं! रंग होता राखाडीकडे झुकणारा, किंचित हिरवट, लिंडन झाडाच्या पानाची मागची बाजू असते तसा. त्याने तुकडा दिव्याखाली धरला, खिडकीपाशी नेला. कारखान्यातली पाळी संपवून तो क्लबवर पोहोचायचा तेव्हा सूर्य शेतांना टेकलेला असायचा. त्या उन्हात पंख पिवळा, तिचे कोपरापर्यंत माखलेले हात पिवळे, सगळंच पिवळं. चव्वेचाळीस वर्षं त्याने जपलं होतं ते संध्याकाळचं ऊन. विमानाचा रंग निराळाच होता.

"मग अडलंय कुठे?" स्पर्धेत त्याच्याबरोबर असणारा वाल्देक म्हणाला. "पुरावा हातात आलाय. घास आणि रंगव!"

आठवडाभर झेनोनने घासकागदाला हात लावला नाही. मग एका सकाळी बसला आणि दिवेलागणीपर्यंत घासत राहिला. फरशीवर पडलेली पिवळी पूड इरेनाने केरात भरली. त्याने नवा रंग कालवला आणि खालच्या डाव्या पंखावर नखाएवढं ठिगळही शिवलं.

या जूनमध्ये परीक्षक दोरीपलीकडे, विमानापासून पाच मीटरवर बसले होते. वाल्देक विमान हळूहळू फिरवून दाखवत होता. स्पर्धकाने तोंड उघडायचं नसतं, म्हणून झेनोन हात मागे बांधून उभा होता. पुराव्याच्या फायलीत त्याला पत्रही लावावं लागलं होतं. ग्झेलाकनी ते वाचून शेजारच्या परीक्षक बाईंकडे दिलं. बाईंनी ते बराच वेळ हातात ठेवलं.

"टाच तुमचीच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वय काय तेव्हा?"

"वीस."

"अहो बाई, वयाला रकाना नाही आपल्याकडे," ग्झेलाक म्हणाले. बाईंनी मान खाली घालून आकडा लिहिला.

रंगाला साडेनऊ, नऊ, साडेनऊ मिळाले. दुपारी उड्डाणाच्या वेळी वारा आडवा सुटला, एक चाक मुडपलं आणि झेनोन चौथा आला.

रविवारी त्याने माल्मोला फोन लावला. तिचा आवाज जाड झाला होता, पण बोलण्यातली घाई तशीच.

"अर्धा-एक गुण कशाला कापला मेल्यांनी? तो रंग मी क्लबच्या फाटकाला लावून उरलेल्या हिरव्यातून काढला होता, माहितीये? अख्ख्या पोलंडात तसा दुसरा नसेल."

तो हसला. 'तुकडा का ठेवलास' हे त्याच्या अगदी ओठांवर आलं.

"तिकडे पाऊस आहे का?" त्याने विचारलं.

"आहे." मग क्लबमधल्या जुन्या लाडक्या नावाने तिने विचारलं, "झेनेक, त्या दिवशी स्टेशनवर का नाही आलास?"

"आलो होतो. तुझी आई होती ना बरोबर. मग पलीकडच्या फलाटावरच उभा राहिलो. गाडी सुटेपर्यंत होतो."

"हाक मारायची होतीस," ती म्हणाली.

"हो."

"मी खिडकीपाशीच होते."

"दिसत होतीस."

नंतर तिने नातवंडांचं सांगितलं, त्याने गुडघ्यांचं. फोन ठेवून तो स्वयंपाकघरात आला. इरेनाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टेबल मोकळं होतं. तिने त्याच्यापुढे बीटाच्या सूपचा वाडगा ठेवला आणि समोर बसली.

"निवतंय," ती म्हणाली. त्याने चमचा उचलला.