अध्यक्षांना घंटा नसते

टण्!

दचकलात ना, मित्रांनो? दचकायलाच हवं. मी एक जुनी पितळी घंटा आहे, पण मला बिचारी वगैरे समजू नका. मी सूड घेतलेली घंटा आहे. आणि तो सूड इतका गोड होता की त्यावर पेढेसुद्धा वाटले गेले. कसे ते सांगते.

माझा जन्म नाशिकचा. एका म्हाताऱ्या ओताऱ्याने मला ओतलं, घासून चकचकीत केलं आणि माझ्या मुठीवर पंख पसरलेला गरुड बसवला. मग त्याने मला एकदा वाजवलं आणि माझा नाद पूर्ण विरेपर्यंत कान देऊन ऐकला. "खणखणीत बोलणार ही," तो म्हणाला. आयुष्यात मला मिळालेली ही पहिली शाबासकी. ती मी अजून जपून ठेवली आहे.

मला विकत घेतलं जयंतीने. ती नवऱ्याबरोबर आणि चार वर्षांच्या ऊर्मीबरोबर कॅनडाला निघाली होती. स्वेटरात गुंडाळून तिने मला बॅगेत घातलं. टोरांटोच्या विमानतळावर कस्टमच्या गोऱ्या माणसाने मला बाहेर काढलं, उलटंसुलटं केलं आणि हळूच वाजवून बघितलं. त्याला हसूच आलं. मित्रांनो, परदेशातला माझा पहिला टोला त्याच्या हातून पडला!

जयंतीचं घर ग्वेल्फला. तिथे नदीकाठ मराठी मंडळ नुकतंच सुरू झालं होतं. गणपतीला मंडळाकडे घंटा नाही हे कळताच जयंतीने मला देऊन टाकलं. काय दिवस होते ते! चर्चच्या बेसमेंटमध्ये भाड्याने घेतलेला हॉल, बाहेर पानगळ, आत शंभर माणसं आणि मधोमध मी. मी घुमायला लागले की बसलेली माणसं उठायची, गप्पा मारणारी गप्प व्हायची आणि टाळ्यांचा ठेका धरायची. प्रमोदिनीमावशी तर डुलक्या घेत असल्या तरी माझ्या आवाजाने ताडकन उभ्या राहून आरती सुरू करायच्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे फार उपयोगी पडणार आहे.

मला आणखी एक काम होतं. मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेत वेळ सांगायचं. चौथ्या मिनिटाला एक टोला, म्हणजे आवरतं घ्या. पाचव्या मिनिटाला दोन, म्हणजे बसा. हा नियम केला होता मंडळाच्या अध्यक्षांनी, हेमचंद्र खांबेटे यांनी. मंडळ त्यांनीच काढलं, घटना त्यांनीच लिहिली आणि अध्यक्षही तेच झाले. मुलं त्यांना काका म्हणायची आणि मोठी माणसं खांबेटेसाहेब. मलाही सुरुवातीला ते आवडायचे. खोटं कशाला बोलू?

मग २००४ सालची स्पर्धा आली. ऊर्मी आठ वर्षांची होती. तिने भाषण पाठ केलं होतं, दोन वेण्या घातल्या होत्या आणि पायात सगळ्यात चमकणारे बूट घातले होते. विषय होता 'माझी आजी'. तिने सुरुवात केली, "माझा आजी नाशिकला राहतो." हॉलमध्ये खसखस पिकली. अजून दीड मिनिटही झालं नव्हतं, तेवढ्यात काकांनी मला उचललं आणि टणटण बडवलं. माइकमध्ये म्हणाले, "बाळ, आधी व्याकरण शीक, मग उभी राहा!"

सगळे हसले. ऊर्मी धावत वॉशरूममध्ये गेली आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर आलीच नाही.

मित्रांनो, त्या दिवशी एका लहान मुलीला गप्प बसवण्यासाठी माझा आवाज वापरला गेला. जिने मला स्वेटरात गुंडाळून समुद्रापार आणलं, तिच्याच मुलीला! पितळेला घाम फुटत नाही, नाहीतर मी तिथेच ओली झाले असते. मी मनात म्हटलं, खांबेटेसाहेब, हा टोला तुमच्या नावावर जमा राहिला.

दोन वर्षांनी माझी पाळी आली. दिवाळीच्या कार्यक्रमात काकांचं भाषण पंचवीस मिनिटं झालं तरी संपेना. जेवण गार होत होतं. शनिवारचा मराठी वर्ग घेणाऱ्या मृणालिनीताईंनी शेवटी हसत हसत मला उचललं आणि एकच, अगदी नाजूक टोला दिला. काका गर्रकन वळले. मला हिसकावून घेतलं, माझ्या तोंडावर पंजा दाबला आणि म्हणाले, "घंटा स्पर्धकांना असते. अध्यक्षांना घंटा नसते."

तेवढ्यावर थांबले नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी माझ्या आतल्या लोलकाला, म्हणजे माझ्या जिभेला हो, राखाडी टेप गुंडाळली. एक थर, दोन थर, तीन थर. मग मला कागदी ताटल्यांच्या खोक्यात टाकून बेसमेंटमध्ये ठेवलं, विंटर टायर्सच्या शेजारी.

पाच वर्षं! टायर्ससुद्धा वर्षातून दोनदा बाहेर जाऊन यायची. मी तिथेच. गणपतीला म्हणे आता सीडीवरची घंटा वाजायची. वर काकांचा टीव्ही इतका मोठ्याने चालायचा की माझ्या आजूबाजूच्या ताटल्या थरथरायच्या. मला वाटायचं, बघा, यांना स्वतःला केवढा गोंगाट चालतो! मी अंधारात काळी पडत गेले आणि माझा राग मात्र दिवसेंदिवस चकचकीत होत गेला.

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये खोकं उघडलं. वर एका उंच, पोनीटेलवाल्या मुलीचा चेहरा. मी ओळखलंच. ऊर्मी!

"ओ माय गॉड, आई! ही आपली घंटा आहे!" तिने माझ्या आत बोट घातलं. "हू टेप्स अ बेल? लाइक, सीरियसली, हू डज दॅट?"

जयंतीने वर जिन्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल ना, ऊर्मी. काका वरच आहेत."

"त्यांच्या टीव्हीपुढे मी काय आहे, आई!"

मंडळाचं सामान हॉलवर न्यायला दोघी आल्या होत्या. घरी गेल्यावर ऊर्मीने नखांनी टेप सोलून काढली, उरलेला चिकटा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसला आणि चिंचेच्या कोळाने मला लख्ख घासलं. मग वाजवलं. टण्! पाच वर्षांनी स्वतःचा आवाज ऐकला की कसं वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही.

"आय हॅव अ प्लॅन," ऊर्मी माझ्याकडे बघून म्हणाली. मी मनात म्हटलं, मलाही घे.

त्या आठवड्यात जयंतीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी सगळं ऐकलं. खांबेटेसाहेब शहात्तर वर्षांचे झाले होते आणि पुन्हा अध्यक्षपदाला उभे होते. बारा वर्षं झाली तरी! दरवर्षी ते विचारायचे, "पर्याय आहे का कुणी?" आणि मग लोक आपले माना खाली घालून हात वर करायचे. कुजबुज मात्र गाडीत, किराणाच्या दुकानात, सगळीकडे.

"गुढीपाडव्याला माइकवर शुभ दीपावली म्हणाले," जयंती सांगत होती. "परवा गेल्या वर्षीचंच भाषण वाचलं. तारखेसकट!"

"मला तीन वर्षं प्रमिला म्हणतायत," प्रमोदिनीमावशी म्हणाल्या. "आता मी ओ देते बापडी."

"वयाचं काही नाही हो," मृणालिनीताई म्हणाल्या. "माझे वडील ऐंशीचे आहेत आणि गावची लायब्ररी चालवतात. पण हे कुणाचं ऐकतच नाहीत. काहीही विचारा, हो हो, बघू. एवढंच उत्तर."

गेल्या वर्षी त्यांनी मुलांची स्पर्धाच बंद केली होती. म्हणाले, "या मुलांचं मराठी कानाला ऐकवत नाही." आता शनिवारचा वर्गही बंद करून ती वेळ ज्येष्ठांच्या पत्त्यांना द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. वर्गात बावीस मुलं होती. त्यातल्या सगळ्यात लहान सहा जणांना ऊर्मी शिकवायची आणि कुणी 'माझा आजी' म्हटलं तर अजिबात हसायची नाही. काका निवडून आले की वर्ग संपला. म्हणून मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच त्यांच्याविरुद्ध फॉर्म भरला गेला. मृणालिनीताईंनी भरला.

आणि ऊर्मीचा प्लॅन? तो काकांनी स्वतःच लिहून ठेवला होता. घटनेतला नियम क्रमांक चौदा! निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला पाच मिनिटं. चौथ्या मिनिटाला एक आणि पाचव्या मिनिटाला दोन टोले. निवडणूक कधी झालीच नाही, म्हणून तो नियम कुणाला आठवत नव्हता. ऊर्मीने सभेआधी जाऊन विचारलं, "काका, टाइमकीपर मी होऊ का? घंटा घेऊन?"

"हो हो, बघू," काका म्हणाले.

झाली परवानगी!

सभेचा दिवस उजाडला. मसालेभाताचं जेवण झालं होतं. माणसं जडावली होती आणि तिसऱ्या रांगेत प्रमोदिनीमावशींची मान छातीवर टेकली होती. ऊर्मी पहिल्या रांगेत टेबल मांडून बसली. त्यावर मी, लख्ख. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या खुर्चीखाली पेढ्यांचे तीन खोके होते. विजयाचे पेढे मतदानाआधीच आणले होते!

मृणालिनीताई आधी बोलल्या. वर्गाबद्दल, मुलांबद्दल, पुन्हा सुरू करायच्या स्पर्धेबद्दल. चौथ्या मिनिटाला मी एकदा वाजले. त्यांनी हसून मान हलवली आणि दोन वाक्यांत भाषण संपवलं. याला म्हणतात घंटेचा मान राखणं.

मग काका उठले.

चौथं मिनिट. टण्! काका बोलतच राहिले. पाचवं मिनिट. टण्, टण्! काका १९९९ सालच्या बर्फात मंडळाची पहिली सभा कशी झाली ते सांगत होते. पापणीही हलली नाही. मागे कुणीतरी खुसखुसलं. सहावं मिनिट झालं. ऊर्मीने पुन्हा वाजवलं. काही नाही. "बघा, आजही ऐकत नाहीत," कुणीतरी मोठ्याने म्हणालं.

तेव्हा ऊर्मी उभी राहिली. तिने मला डोक्याच्या वर धरलं आणि वाजवायला लागली. टण टण टण टण! मित्रांनो, मी जीव तोडून घुमले. आठ वर्षांच्या ऊर्मीसाठी, तीन थर टेपसाठी, पाच वर्षांच्या अंधारासाठी घुमले. खिडक्या झणाणल्या.

आणि प्रमोदिनीमावशी ताडकन उभ्या राहिल्या.

अर्धवट झोपेत त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि खड्या आवाजात आरती धरली. आता आपली माणसं कशी, तुम्हाला ठाऊकच आहे. आरती चालू झाली की कोण बसून राहतं? शेजारचे उठले, मग पुढची रांग, मग मागची. बघता बघता अख्खा हॉल उभा! अर्ध्यांना खरंच आरती वाटली. उरलेल्या अर्ध्यांना काय झालंय ते कळलं होतं आणि म्हणूनच ते जास्त जोराने टाळ्या पिटत होते.

काकांनी भाषण थांबवलं. समोर पाऊणशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. तोंडं हलत होती. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले, डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले. "धन्यवाद! धन्यवाद! मी म्हणतच होतो, पर्याय नाही!" आणि स्टेजवरून उतरून त्यांनी पेढ्यांचा खोका उघडला.

त्या क्षणी मला कळलं. त्यांना टाळ्या दिसत होत्या. आरती ऐकू येत नव्हती. मी तर मुळीच ऐकू येत नव्हते. सगळं मंडळ वर्षानुवर्षं म्हणत होतं, ते ऐकत नाहीत. कुणालाही सुचलं नव्हतं, की त्यांना ऐकूच येत नाही. आणि त्यांनीही कुणाला कळू दिलं नव्हतं.

मला थोडं वाईट वाटलं. अगदी थोडं हं! कारण माझ्या जिभेला टेप गुंडाळली, त्या रात्री त्यांना चांगलं खणखणीत ऐकू येत होतं.

काका पेढे वाटत होते आणि लोक पेढा हातात घेऊन चिठ्ठीवर शिक्का मारत होते. पहिल्यांदाच मतदान गुप्त होतं. मोजणी झाली. मृणालिनीताई एकसष्ट, खांबेटेसाहेब चौदा. जयंतीने निकाल वाचला. काका पेढ्याचा खोका पुढे करून हसतच राहिले. मग जयंतीने कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी तो दोनदा वाचला. हातातल्या खोक्यात शेवटचा पेढा होता. तो मृणालिनीताईंनी उचलला आणि त्या म्हणाल्या, "गोड आहे हो, साहेब."

हॉल रिकामा व्हायला लागल्यावर काका आमच्या टेबलापाशी आले. "बाळ," ते ऊर्मीला म्हणाले, "तू घंटा वाजवली होतीस?"

ऊर्मीने एक वहीचं पान घेतलं. सात वर्षांपूर्वी ज्या भाषेवरून सगळे तिला हसले होते, त्याच भाषेत, मोठ्या ठसठशीत अक्षरांत, एकही चूक न करता तिने लिहिलं, 'वीस वेळा तरी वाजवली, काका. आधी कान तपासून घ्या, मग उभे राहा.'

त्यांनी ते वाचलं. आठ वर्षांची दोन वेण्यांची मुलगी त्यांना आठवली की नाही, मला माहीत नाही. कान मात्र लाल झाले. त्यांनी मला उचललं, कानाला लावून हलवलं, पुन्हा हलवलं आणि हळूच खाली ठेवलं. पान मात्र घडी करून कोटाच्या खिशात घातलं.

तर मित्रांनो, तुमच्या मंडळात, शाळेत, घरात जी घंटा असेल, तिला जपा. चिंचेने घासा, बेसमेंटमध्ये टाकू नका. ती दुसऱ्यासाठी वाजते तेव्हा खुशाल हसा, पण तुमच्यासाठी वाजली तर तिच्या तोंडावर हात ठेवू नका. घंटा विसरत नाही. इतकी दीर्घ आठवण पितळेलाच असते.

आता वर्ग चालू आहे. या वसंतात स्पर्धाही झाली. पहिल्या रांगेत कोपऱ्यात खांबेटेकाका बसले होते आणि त्यांच्या कानामागे एक चिमुकलं यंत्र होतं. एक लहान मुलगा उठून म्हणाला, "माझा आजी..." आणि कुणीच हसलं नाही. काकाही नाही. चौथ्या मिनिटाला ऊर्मीने मला वाजवलं.

काका खुर्चीतून टुणकन उडाले!

तेव्हापासून माझं तोंड त्यांच्या बाजूला असलं की मी जरा जास्तच जोरात वाजते.