ओव्याचा पिझ्झा

कुसुम पगारे नाशिक रोडला उतरली ती दुपारी तीनच्या सुमारास. वाल्मीक स्कूटर घेऊन आला होता. तिने घरच्यांची खुशाली विचारली आणि लगेच, इथे चांगला पिझ्झा कुठे मिळतो, असंही विचारलं.

वाल्मीक तिचा धाकटा भाऊ, जिल्हा परिषदेत कारकून. मुंबईच्या माणसाने नाशकात येऊन पिझ्झा शोधावा याचं त्याला हसू आलं. मिसळ विचार, चिवडा विचार, म्हणाला. पण ताईने आजवर काही मागितल्याचं त्याला आठवेना, म्हणून त्याने स्कूटरला किक मारली.

ती आली होती वेगळ्याच कामाला. दिंडोरीच्या वाटेवर द्राक्षांपासून वाइन करणारा एक नवा कारखाना उभा राहत होता. त्यांना रसायनशास्त्राचं माणूस हवं होतं आणि मुंबईच्या अन्नतपासणी प्रयोगशाळेतली तिची बारा वर्षं बघून त्यांनी तिला बोलावलं होतं. उद्या दहाला परीक्षा. समोर सहा पेले ठेवणार. प्रत्येकाचा वास घ्यायचा आणि काय आढळलं ते लिहायचं. नोकरी लागली तर ती भावाजवळ राहायला येणार होती. वाल्मीकने शेजारची खोली बघूनही ठेवली होती.

आणि कुसुमला मार्चपासून वास येत नव्हता.

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी तिला मोठा ताप आला, त्यातच आई गेली. गावी सायखेड्याला आईच्या जलदानविधीच्या दिवशी उदबत्त्यांच्या धुराने बायका खोकत होत्या. कुसुम अगदी जवळ बसली होती, तिला धूर फक्त दिसत होता. दुःखाने असं होत असेल, ओसरेल, असं तिने धरलं. मे महिन्यात शेजारीण दार बडवत आली तेव्हा कळलं की शेगडीचा गॅस सुटलेला आहे आणि आपण तिथेच बसून वाचतो आहोत. भीती अशी वाटली नाही. तिने खिडक्या उघडल्या आणि डायरीत तारीख टिपली.

प्रयोगशाळेत तिने अमोनियाची बाटली हुंगून पाहिली होती. नाकाला झोंबलं. पण झोंबणं म्हणजे वास नव्हे. राहता राहिली एकच चाचणी, पिझ्झा. जानेवारीत आई दवाखान्यासाठी मुंबईला आली होती तेव्हा दोघींनी चर्चगेटजवळ तो खाल्ला होता. वर भुरभुरलेल्या ऑरेगॅनोच्या सुक्या पाल्याचा वास आईने आधी पकडला. ‘ही तर ओव्याची भाकर हाय,’ ती म्हणाली होती, ‘वरून नुसती साय करपवलीय.’ आपल्या नाकाला नीट ओळखीचा असा शेवटचा वास कोणता, तर कुसुमला तोच आठवे. त्या हॉटेलकडे ती पुन्हा गेली नाही. दर आठवड्याला ठरवायची आणि टाळायची. आता टाळायला दिवसच उरला नव्हता.

आग्रा रोडवरच्या हॉटेलात कार्डावर पिझ्झा छापलेला होता. वेटरने सांगितलं की तो करणारा आचारी सुरगाण्याकडचा, भातलावणीला गावी गेलाय, पावभाजी घ्या.

वाटेत वाल्मीक चिडवत राहिला. आईने जन्मभर पंचशील पाळलं आणि तू चाललीस दारूच्या कारखान्यात, म्हणाला. कुसुमने सांगितलं की ती प्यायची नसते, तोंडात घेऊन थुंकायची असते.

‘आणि त्याचा पगार देतात?’

‘देतात.’

‘मी ऑफिसच्या जिन्यात इतकी वर्षं फुकटच थुंकतोय मग.’

कॉलेज रोडला आइस्क्रीमच्या दुकानात मिळाला. गोल पाव, त्यावर टोमॅटो सॉस, कांदा आणि किसलेलं चीज, तव्यावर झाकण ठेवून भाजलेला. कुसुमने विचारलं, यात ऑरेगॅनो आहे का? ते कुठल्या कंपनीचं, असं मालकाने उलट विचारलं. म्हणून हा पिझ्झा धरायचा नाही, असं तिने ठरवलं. वाल्मीकने दोघांचेही संपवले.

शरणपूर रोडला वाल्मीकच्या ओळखीच्या गोरक्षची बेकरी होती. तो आधी मुंबईच्या एका हॉटेलात भट्टीवर होता, आता इथे स्वतःची भट्टी घातलेली. त्याने सरळ सांगून टाकलं. ‘ऑरेगॅनो इथं मिळत नाय ताई. मी ओवा भाजून चुरतो. लय फरक नाय पडत.’

खरंच फार फरक नव्हता. ओव्यातलं द्रव्य आणि ऑरेगॅनोतलं द्रव्य, दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच. एक जोडणी तेवढी शेजारच्या जागेवर. हे तिला विद्यार्थिनी असल्यापासून पाठ होतं. आता सबब उरली नाही.

पिझ्झा भट्टीतून थेट टेबलावर आला. वाल्मीकने लांब श्वास घेतला. मग म्हणाला, आईच्या चुलीजवळ बसल्यासारखं वाटतंय.

कुसुमने मान खाली घातली. गालांना वाफ लागली. तिने एक तुकडा खाल्ला: खारट, आंबट, ओव्याचा जिभेला चटका. पडताळा म्हणून दुसरा खाल्ला. तेच.

‘वाल्मीक, मला वास येत नाही.’

‘कशाचा?’

‘कशाचाच नाही. मार्चपासून.’

मग तिने गॅसचंही सांगितलं, नमुन्याचा अहवाल सांगावा तसं. त्याने हातातला तुकडा खाली ठेवला.

‘आणि मी सगळ्यांना सांगत होतो, ताई घट्ट आहे, आई गेली तरी रडत नाही.’

मग त्याने सुचवलं की तू एवढी शिकलेली, अंदाजाने लिही. कुसुमने त्याचाही विचार करून ठेवला होता. आंबटपणावरून आणि तुरटपणावरून सहांपैकी चार पेले तरी बरोबर लिहिता आले असते. पण पुढे तिच्या शब्दावर बाटल्या भरल्या जातील. ती नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिने पेल्यांचा ट्रे हाताने मागे सारला आणि कारण सांगितलं. समोरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी चहा मागवला, नाकाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला आणि नोकरीचं जमणार नाही म्हणाले.

वाल्मीक फाटकाशी स्कूटरला टेकून उभा होता. तिने मान हलवली, त्याला कळलं.

‘खोली मी सोडलेली नाही,’ तो म्हणाला. ‘तुझा गॅस कोण बघणार तिकडे?’

‘बघू.’

ती मागे बसली. त्याने किक मारण्याआधी तिने विचारलं, इथे वास कसला येतोय?

त्याने नाक वर केलं. विचार करायला त्याला बराच वेळ लागला. आंबलेल्या काकवीचा, म्हणाला, आणि ओल्या पोत्यांचा.

कुसुमने पर्समधून डायरी काढली आणि तारखेपुढे तसंच लिहून ठेवलं.