दुसरा मोजणारा

मंत्री झाल्या तरी बंदरावर बाईंना सगळे ‘कानवाल्या बाई’च म्हणत. कारणही तसंच होतं. बावीस वर्षं त्यांनी माशांच्या कानांतले खडे गोळा केले होते. माशाच्या डोक्यात, आतल्या कानात, तांदळाच्या कणीएवढा खडा असतो. तो पातळ कापून मायक्रोस्कोपखाली धरला की झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी कडी दिसतात. एक कडं म्हणजे एक वर्ष. मासळी विकणाऱ्या बायका कानांवर हात ठेवून म्हणायच्या, “आमचं वय नका हो काढू असं!”

प्रयोगशाळेत एक रीत होती. प्रत्येक खडा दोघांनी मोजायचा. एकमेकांना न विचारता आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पालथी ठेवायची आणि मग दोघांनी एकदम उलटायची. पहिल्या मोजणाऱ्या बाई. दुसरे मामा. मामा कागदोपत्री शिपाई, पण खडा धरावा कसा, कापावा कसा, हे नव्यानं रुजू झालेल्या बाईंना त्यांनीच शिकवलं होतं.

राजकारणात बाई हौसेनं आल्या नव्हत्या. खाडीतला मासा संपत चाललाय असं सांगणारे त्यांचे सात अहवाल कपाटात धूळ खात पडले, तेव्हा “आता आठवा अहवाल मीच” असं म्हणून त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. निवडूनही आल्या. आणि आता त्यांचा कायदा उद्या सभागृहात यायचा होता. मासा पाचव्या वर्षी पहिल्यांदा अंडी घालतो, तेव्हा पाच वर्षं खाडीत जाळं टाकायचं नाही.

दुपारी मामा दालनात आले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण कुबट वासाची जुनी पिशवी तीच होती.

“बसा मामा. चहा सांगते.”

“चहा मागनं. बाई, पाच नाही. चार आहेत.”

“काय चार?”

“वर्षं.” मामांनी पिशवीतून जुनी वही काढली. “पेपरात तुमचा पाच वाचला आणि मला काही तो आकडा आठवेना. म्हणून प्रयोगशाळेत जाऊन वही मागून घेतली. हे बघा. माझ्या रकान्यात पाच आहे. पण माझ्या पाचाला एवढी लांब शेपटी नसते.”

बाईंनी पाहिलं आणि त्यांचे कान तापले. तो हंगाम त्यांना लख्ख आठवला. मामा लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. अहवालाची तारीख डोक्यावर होती. दुसरा मोजणारा नव्हता, म्हणून बाईंनी त्यांचा रकाना स्वतःच भरून टाकला होता. आल्यावर त्यांना मोजायला सांगू, असं मनाशी म्हणाल्या होत्या. ते राहूनच गेलं.

“त्या हंगामाच्या आदल्या साली पाणी तापलं होतं,” मामा म्हणाले. “मासे उपाशी राहिले. उपाशी माशाची वाढ थांबते आणि एक जादा कडं उमटतं. खरं कडं पूर्ण गोल फिरतं. खोटं मध्येच हरवतं. घाईत ते कळत नाही.”

मामांनी मान खाली घातली. “माझ्या जावयाची होडी त्याच खाडीत आहे. म्हातारा जावयासाठी बोलतोय, असं कुणीही म्हणेल. म्हणून म्हणतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोजा.”

बाईंनी वही मिटली. उद्या आकडा बदलला तर विरोधक कायदाच उडवून लावतील. गप्प बसलं तर खाडीतल्या सगळ्या होड्या एक वर्ष फुकट काठावर पडून राहतील.

“गाडी काढायला सांगा,” त्या चिटणिसाला म्हणाल्या.

प्रयोगशाळेतलं त्यांचं स्टूल अजून एका पायावर डुगडुगत होतं. त्याच हंगामात पहिल्यांदा अंड्यावर आलेल्या माशांच्या वीस काचपट्ट्या दोघांनी पाळीपाळीनं पाहिल्या. प्रत्येक कड्यावरून बाईंनी नजर पूर्ण फिरवली. प्रत्येक पट्टीत एक कडं अर्ध्यावर विरून जात होतं. वीस चिठ्ठ्या त्यांच्या, वीस मामांच्या. सगळ्या एकदम उलटल्या. चार. चार. चार.

“आता पाजा चहा,” मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सभागृहात कागदावर मोठं वर्तुळ काढून दाखवलं, आत एक तुटकं. चूक कशी झाली, तेही सांगितलं. रकाना आपणच भरला होता, हेसुद्धा.

विरोधी बाकांवरचे होडीवाल्यांचे एक पुढारी उसळून उठले. “काल पाच, आज चार! उद्या तीन म्हणाल!”

“मोजून तीन आले तर तीन म्हणेन. तुम्हीही या मोजायला. प्रयोगशाळा नऊला उघडते. येताना चष्मा आणा.”

विरोधी बाकही हसले. मग पुढारी बसता बसता म्हणाले, “एक वर्ष परत देणारा मंत्री मी पहिल्यांदाच बघतोय. चार असेल तर आमचे लोक कळ सोसतील.” कायदा अकरा मतांनी पास झाला.

बाहेरच्या व्हरांड्यात कामकाज लिहून घेणारा कारकून धावत आला. “मॅडम, आकडा दुरुस्त करणारे म्हणून तुम्ही गॅलरीतल्या ज्या गृहस्थांचे आभार मानलेत, त्यांचा हुद्दा काय लिहू? निवृत्त शिपाई लिहू का?”

जिन्यावरून मामा कठडा धरून हळूहळू उतरत होते. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी मामांच्या हातातली पिशवी घेतली.

“दुसरे मोजणारे,” त्या म्हणाल्या. “असंच लिहा. आणि लिहिलंत की त्यांना दाखवा. ते तपासतील.”